तिसरी हाक

“उजे.”

भूकंप पहाटे झाला होता. किल्लारीजवळच्या आमच्या गावात दुपारी दगडमातीखाली आईचा तो आवाज माझ्यापर्यंत आला. पहिल्या दोन हाकांना मी गप्प राहिले. आमच्यात लेकरांना शिकवतात, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भलतंसलतं दोनदाच बोलावतं. तिसऱ्या हाकेला मी ओ दिली. लोकांनी मला वर काढलं.

आता मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेत विषाणू घडवते. त्याची रोग करायची ताकद काढून घ्यायची, त्याच्या पोटात कॅन्सर मारणारं जनुक ठेवायचं, आणि त्याला असं बनवायचं की त्यानं कॅन्सरच्या पेशीचंच दार वाजवावं. दार उघडलं की पेशी हिरवी चमकते. निरोगी पेशीनं अंधारातच राहायचं.

आईच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींनी लगेच दार उघडलं होतं. तिचे बाकीचे उपाय संपले होते. माणसांवरच्या चाचणीत तिचं नाव लागणार होतं.

निरोगी म्हणून मी माझ्याच कातडीच्या पेशी वाढवल्या होत्या. “फुकटचा उंदीर,” सोबत काम करणारी सादिया चिडवायची. खालच्या कोचिंग क्लासात माईकवर हजेरी चालायची. आम्ही विषाणू घातला; माझ्या पेशी काळ्या. पुन्हा घातला, काळ्या. तिसऱ्यांदा घातला, आणि ताटली हिरवीगार झाली.

विषाणू नव्यानं बनवला. सादियानं स्वतःच्या पेशी दिल्या. तिच्या तिन्ही वेळा काळ्याच.

माझ्या तिसऱ्यांदा हिरव्या.

मी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कॅन्सर नव्हता.

“तुझ्यात काय हाय गं, उज्ज्वला?” सादिया हसली. त्या दिवसापासून तिनं माझ्या कपातला चहा घेणं सोडलं.

निरोगी पेशीही दार उघडते म्हटल्यावर माणसांवरची चाचणी थांबली. ते सांगायला मी लातूरला गेले. आई तिथं क्लासच्या पोरांची मेस चालवते. जेवायला ती दोनदाच हाक मारते. मग उठून जवळ जाते. मला आठवतं तेव्हापासून असंच.

ती तूरडाळ निवडत होती. औषध मिळणार नाही, हे तिनं मान खाली घालून ऐकलं. मग पेशींचं सांगितलं.

“दोनदा न्हाई? तिसऱ्यांदाच?”

“हाव.”

सुपातला हात थांबला.

“उजे, त्या दिशी म्या दोनदाच हाक मारली. मग घसाच बसला. तू ओ दिलीस, म्हनून गप ऱ्हायले.”

ती माझ्याकडं बघत नव्हती.

“तिसरी माझी नव्हती.”