गवत खाणारी चित्कला

पोरांनो, ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. माझ्या बायकोनेसुद्धा मानली नाही, आणि ती तर चाळीस वर्षं माझं सगळं मुकाट ऐकत आली आहे. तर ऐका. मी तांदळाच्या दाण्याएवढा होऊन माझ्या नातीच्या पोटात जाऊन आलोय!

ती बघा नात, चित्कला. तुमच्याच वॉर्डात, चार नंबरच्या खाटेवर बसून डोळे वटारतेय.

गेल्या महिन्यात ती सकाळी उठली तेव्हा तिचे डोळे सुजलेले आणि पाय टम्म फुगलेले. पिंगळे डॉक्टरबाई म्हणाल्या, "मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. हिच्या गाळणीची भोकं मोठी झालीत. प्रथिनं (शरीर घडवणारे घटक) लघवीतून निसटताहेत. त्यांच्याबरोबर प्रतिपिंडंही (रोगांना ओळखून धरणारे पहारेकरी) चाललीत. गाळणी बरी करायला स्टेरॉइड द्यावं लागेल. पण त्या औषधाने उरलेल्या पहारेकऱ्यांनाही पेंग येते."

"येऊ दे की! औषध सुरू करा."

"थांबा, आजोबा. ही मातीत अनवाणी खेळते ना? मातीतला एक बारीकसा जंत तळपायातून आत शिरतो आणि आतड्यात लपून राहतो. पहारा जागा असेपर्यंत तो दबून असतो. पहारेकरी पेंगले, की त्याची पिल्लं अंगभर पसरतात. जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी शौचाची तपासणी."

आणि त्यांनी चित्कलाच्या हातात एक छोटी डबी दिली. पोरगी लाजून लाल!

दुसऱ्या दिवशी डबी भरून आली. तपासणीचा यंत्रमानव ठेंगू भिंगाखाली बराच वेळ बघत राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, "जंत आढळले नाहीत. मात्र रुग्णाने बरंच गवत खाल्लं आहे."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं, रवंथ पण करतेस का?"

चित्कलाने मान खाली घातली. "शेजारच्या गायीचं शेण आहे ते. माझं... सगळे बघतात. मला लाज वाटली."

मी हसणार होतो, पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तिच्याशेजारी बसून म्हणाल्या, "राणी, ठेंगूला गवत दिसलं नसतं, तर जंत नाही असं समजून मी आजच स्टेरॉइडची गोळी दिली असती. पहारेकरी झोपले असते आणि चोर घरातच!"

चित्कलाने आपले सुजलेले पाय चाचपले. मग हात पुढे करून म्हणाली, "दुसरी डबी द्या. पण आबा बाहेर थांबतील."

या वेळी जंत सापडला! आणि इथेच माझा पराक्रम सुरू होतो. मी ठेंगूच्या यंत्रातून लहान झालो, पाण्याच्या घोटाबरोबर आत उतरलो. बघतो तर काय, स्टेरॉइड पोचलेलं, पहारेकरी ढाराढूर! मी ओरडलो, "धरा रे!" तसे ते सगळे उठले आणि त्यांनी जंताची मुंडी पकडून...

"थाप! आबा, चक्क थाप!" चित्कला खाटेवर उभी राहिली. "पहारेकरी झोपले होते, तर जंताला धरणार कोण? आधी जंताचं औषध दिलं, तो मेल्याचं ठेंगूने पुन्हा तपासलं, मग स्टेरॉइड. म्हणून तर माझी सूज उतरतेय. आणि तुम्ही पोटात कुठे होता? तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून रडत होता. मी दारातून पाहिलंय!"