माझा कोट घालून गेला तो

आज अख्ख्या ब्रुकलिनमध्ये माझ्यापुढे आवाज चढवणारा माणूस उरलेला नाही. माझी दाढी करताना न्हावी श्वास धरून असतो. चर्चमध्ये पहिल्या बाकावर मी बसलो की मागचे मान खाली घालतात. लोक म्हणतात, नेल्लो कामारातानं नशीब काढलं. काढलं हे खरंच. ते कुठून काढलं, ते आज सांगतो. तो दिवा जरा जवळ ओढ आणि मध्ये बोलू नकोस.

त्या वर्षी एकोणीस मार्चला सकाळी मी बेकरीत पाव आणायला गेलो होतो. संत जोसेफचा दिवस होता. आम्हा सिसिलीच्या लोकांत त्या दिवशी घरी पंगत मांडतात. चर्च तीन गरीब म्हातारी माणसं पाठवतं आणि ती जोसेफ, मेरी आणि येशू होऊन येतात. घरधन्यानं स्वतःच्या हातानं वाढायचं. जोसेफ जेवून उठेपर्यंत घर त्याचं. तोवर घरधन्यानं उंबरठा ओलांडायचा नाही आणि तो म्हणेल ते ऐकायचं. मी तेव्हा टोळीत कापो होतो, म्हणजे धड वरचा नाही, धड खालचा नाही. हाताखाली दहा माणसं, डोक्यावर डॉन सेव्हेरियो. त्यामुळे पंगतसुद्धा बेतानं मांडावी लागे. दहा जणांना धाक वाटावा, पण डॉनच्या डोळ्यांत खुपू नये. जोसेफच्या दाढीच्या आणि त्याच्या सुतारकामाच्या करवतीच्या आकाराचे ते गरम पाव काखेत घेऊन मी शीळ वाजवत घरी आलो.

घरात शिरतो तोच फोन वाजला. माझाच माणूस होता, पिप्पो.

"नेल्लो, चार वाजता गाडी घेऊन येतो. डॉननी बोलावलंय."

"आज? अरे, पंगत आहे माझ्याकडे."

"अर्ध्या तासाचं काम आहे. पुढेच बस हं, मागं सामान आहे."

पुढे बस, हे ऐकलं आणि मला काय ते कळलं. आमच्यात ज्याला संपवायचं त्याला पुढच्या सीटवर बसवतात. आणि बोलवायला त्याचा लाडकाच माणूस पाठवतात, म्हणजे तो निमूट येतो. रोझारियो म्हणून दुसरा एक कापो होता. माझ्या वसुलीच्या गल्ल्यांवर त्याचा डोळा होता आणि मी पोलिसांना फितूर आहे असं तो कितीतरी महिने डॉनच्या कानात ओतत होता. धादांत खोटं. पण पळालो असतो तर तेच खरं ठरलं असतं, आणि माझ्या बायकोला, कॉन्चेताला, त्यांनी सोडलं नसतं. मी जायचं ठरवलं.

तीन वाजता बर्फ पडायला लागलं. खोलीत इतका अंधार झाला की भर दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या. लिलीची फुलं, तळलेले बडीशेपेचे गड्डे आणि वितळतं मेण यांचा वास कोंडून राहिला होता. पुढच्या दारावर काठी वाजली. रीतीप्रमाणे आम्ही आतून म्हणालो, "जागा नाही." मग बाजूच्या दारावर वाजली. "जागा नाही." तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारावर वाजली, तेव्हा कॉन्चेतानं कडी काढली आणि म्हणाली, "या, घर तुमचंच आहे."

मेरी आणि येशू झालेल्या दोन म्हाताऱ्या आत आल्या. त्यांच्या मागून जोसेफ आला. त्यानं टोपी काढली आणि माझ्या हातातला पळा खाली पडला.

ते वान्नी काका होते.

बाकीच्यांना तो चर्चनं पाठवलेला कुणी म्हातारा वाटला. कॉन्चेता तर काकांच्या पश्चात माझ्या आयुष्यात आली. वान्नी काकांनी मला बोट धरून या धंद्यात आणलं, माझ्या तळहातावर संताचं चित्र जाळून मला शपथ दिली. आणि त्या दिवसाच्या अकरा वर्षं आधी वरून हुकूम आला तेव्हा त्यांना बोलवायला मीच गेलो. ते जेवत होते. मी म्हणालो, "काका, गाडी उभी आहे. उरलेलं आल्यावर खा." त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठले. पुढच्या सीटवर बसले. बंदराजवळच्या गॅरेजात, फरशीखाली, त्यांना मी माझ्या हातानं ठेवलं होतं.

मी वाढायला लागलो. दुसरं काय करणार? सार्डिन मासे घातलेली शेवई, वर भाजलेल्या पावाचा चुरा. काका सावकाश जेवत होते. घास घेत, चावत, काटा खाली ठेवत. त्यांच्या अंगाला ओल्या सिमेंटचा वास येत होता. चार वाजले. बाहेर हॉर्न वाजला.

मी पुटपुटलो, "काका... मला जावं लागेल."

"मी जेवतोय."

हॉर्न पुन्हा वाजला.

"काका, ते आत येतील... इथे बायको आहे माझी."

त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तेच मला सोसवेना. "आज घर कुणाचं?"

"तुमचं."

"मग बस. माझ्यासमोर बस आणि जेव."

मी बसलो. त्यांनी ताट पुसून स्वच्छ केलं, तोंड पुसलं आणि उठले. खुंटीवरचा माझा उंटाच्या रंगाचा कोट काढून अंगात घातला, माझी टोपी घातली. "मी सांगून येतो त्यांना," म्हणाले. दार उघडलं, बर्फाचा झोत आत आला, दार मिटलं. गाडीचं एक दार धाडकन लागलं... पुढचं. मग गाडी गेली.

मी समोरचं ताट रिकामं केलं. रडत जेवलो, हे कुणाला सांगू नकोस.

सहा वाजता मी दारात उभा राहून शेजाऱ्यांना पाव वाटत होतो, तेव्हा पिप्पोची गाडी परत आली. विधवेला चार शब्द सांगायला आला असणार, तीही आमची रीत. त्यानं मला पाहिलं. त्याच्या बुटांना ओलं सिमेंट लागलेलं.

"तुला तर... आत्ता आम्ही..."

"पाव घे, पिप्पो," मी म्हणालो. "गार झालाय, पण चांगला आहे."

तो तिथेच, बर्फात, गुडघ्यांवर बसला. माझा हात धरून त्यानं असे हुंदके दिले की अख्खी गल्ली खिडक्यांत आली.

तासाभरात डॉन सेव्हेरियो स्वतः आला. जुन्या गावचा माणूस, असल्या गोष्टींना डॉक्टरपेक्षा जास्त मानणारा. सगळ्यांच्या देखत त्यानं माझे दोन्ही गाल चुंबले आणि म्हणाला, "ज्याला जोसेफ पाठीशी घालतो, त्याच्यावर मी संशय घेतला. माफ कर, पोरा." दारात रोझारियो उभा होता, चेहरा पिठासारखा. मी स्वतः त्याला ताट वाढलं आणि म्हणालो, "खा रे, लाजू नकोस. प्रवासाला निघायचंय तुला." आठवड्यात तो फ्लोरिडाला गेला तो गेलाच. त्याच्या गल्ल्या मला मिळाल्या. पुढे डॉनच्या उजव्या हाताची खुर्चीही मिळाली. मला मारायला धजणारा माणूस त्यानंतर जन्मला नाही. मारून झालेल्या माणसाला कोण मारणार? या विनोदाची मला अजून मजा येते.

पिप्पो गेल्या हिवाळ्यात वारला. शेवटच्या दिवशी त्यानं मला बोलावून घेतलं.

"नेल्लो, आम्ही कोटाला फसलो असं तुला वाटतं ना? तसं नव्हतं. गाडीत बसल्यावर टोपी काढलीस तू. तोंड तुझं, आवाज तुझा. वाटेत एकदाच बोललास. म्हणालास, नेल्लोला सावकाश जेवू दे."

मी त्याची उशी सरळ केली.

"आणि त्याच गॅरेजात खणताना मी घाबरत होतो, काकांची हाडं लागतील म्हणून. लागली नाहीत. जागा रिकामी होती. तिथेच... तुला ठेवलं."

ते गॅरेज आता माझ्या मालकीचं आहे. मनात आणलं तर उद्या सकाळी फरशी फोडून पाहता येईल. माणसं आहेत, पहारी आहेत, विचारणारं कुणी नाही. मी फोडत नाही. थंडीत तिथली सगळी फरशी बर्फासारखी असते, पण त्या कोपऱ्यात मांजरं येऊन झोपतात. परवा मी मांजरांना हाकललं, उकिडवा बसलो आणि हात टेकून पाहिला. फरशी ऊबदार होती, जिवंत माणसाच्या अंगाला असते तेवढीच.

माझे हातपाय मात्र त्या दिवसापासून गार असतात. कॉन्चेता म्हणते, वय झालं.