चिकट राहिलेला साचा

"सख्खा भाऊ आहे म्हणून पोलिसांकडे गेलो नाही," शिल्पकार म्हणाला. "पण त्यानंच हे केलं असं तुम्ही सांगितलंत, तर आज संध्याकाळी त्याचं सामान रस्त्यावर असेल."

 सासूबाई साच्यावर वाकल्या होत्या.

खासगी गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. पण त्यांना गाडी चालवता येत नसे आणि जावई कायम सोबत असे, म्हणून गिऱ्हाइकांत त्या सासूबाई म्हणूनच ओळखल्या जात.

स्टुडिओत सिनेमातल्या राक्षसांचे मुखवटे आणि जुळवायची छोटी मॉडेल्स बनत. या वेळी दलदलीतल्या एका राक्षसाचं डोकं होतं. शिल्पकारानं ते गरम केल्यावर मऊ होणाऱ्या तेलमातीत घडवलं. त्याच्या धाकट्या भावानं सकाळी त्यावर सिलिकॉन ओतलं. सिलिकॉन घट्ट झालं की त्याचा साचा होतो. साचा काढताना मातीचं डोकं मोडतं, ते नेहमीचंच. पण या वेळी साचाच बिघडला होता. जागोजागी सिलिकॉन मधासारखं चिकट राहिलं होतं. डोकं गेलं, साचाही गेला, आणि सिनेमावाले सोमवारी येणार होते.

"चिकट जागा चारच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तीन डाव्या डोळ्याभोवती, एक मागे, तळव्याएवढी. बाकी सगळं टणक."

"मातीत काहीतरी मिसळलं असणार, आई," जावई म्हणाला.

"मग सगळाच साचा चिकट झाला असता, जावईबापू. चहात साखर घातली तर ती काय एकाच घोटात लागते?"

त्यांनी एक लाकडी काडी साच्यात दोन्ही डोळ्यांच्या जागी टेकवून पाहिली. मग मातीचा गोळा डाव्या डोळ्याखाली दाबला आणि अलगद काढला. गोळ्यावर दोन बारीक घड्या उमटल्या होत्या, एकीखाली एक.

"तुमचं कोणाशी वैर?" त्यांनी विचारलं.

"वैर कसलं, इथे कुणाचा भरवसाच राहिला नाही. गेल्या महिन्यात माझ्या मातीवर परका अंगठा सापडला. माझ्या मातीवरचा परका ठसा मी लांबून ओळखतो. मी घर डोक्यावर घेतलं, पण कोणी कबूल होईना." त्यानं जगमधून पाणी ओतलं. धार ग्लासाच्या कडेवर पडली. "हे टेबल डुगडुगतं," तो चिडून म्हणाला.

सासूबाईंनी टेबलावर हात ठेवून जोर दिला. मग हात काढून घेतला.

"डोकं घडवताना मापं कशानं घेता?"

"मी कंपास वापरत नाही. नजर हाच माझा कंपास."

ओतकामाच्या खोलीच्या दारावर पाटी होती: रबरी हातमोजे घालून आत येऊ नये. आत धाकटा भाऊ बादल्या पुसत होता. हातात निळे मोजे. त्यानं वर पाहिलं नाही.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "सिलिकॉनचे दोन भाग मिसळायचे असतात. प्रमाण चुकलं."

"इतकी वर्षं चुकलं नाही ते?"

"कधीतरी चुकायचंच. दादाला सांगा, मी जातो. भांडण नको."

"ओतण्याआधी डोक्याचा फोटो काढला होतात?"

तो घुटमळला. "आदल्या संध्याकाळी. सिनेमावाल्यांना पाठवायला."

त्यानं फोन पुढे केला. फोटो वरून काढलेला होता. राक्षसाचा डावा डोळा उजव्यापेक्षा आत गेला होता. खाली एकच जाड घडी.

"तुम्हाला हा चेहरा बरा वाटला?"

"दादाला वाटला," धाकटा म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

रंगारीण खिडकीशी बसून एका मुखवट्याच्या कपाळावर शेवाळी रंग थोपटत होती. तिच्याही हातात निळे मोजे होते.

"विचारा, काय विचारायचंय ते. हो, मी पलीकडच्या स्टुडिओत जातेय. हो, शिल्पकारांनी मला त्यावरून बोल लावले. पण साचा बिघडवून मला काय मिळणार? पुरस्कार?"

"दारावरची ती पाटी कशासाठी?" जावयानं विचारलं. "स्वच्छतेसाठी का?"

"स्वच्छता? आमच्याकडे?" ती हसली. "या सिलिकॉनला रबराचं वावडं आहे. रबरात गंधक असतो. त्याचा नुसता स्पर्श झाला तरी तिथलं सिलिकॉन घट्ट होत नाही. म्हणून आम्ही दोघं निळेच घालतो, त्यात रबर नसतं."

"हे शिल्पकारांना ठाऊक आहे?"

"त्यांना ओतकामात रस नाही. ते मातीत उघड्या हातानं काम करतात. मोजे घातले की चेहरा हाताला लागत नाही म्हणे."

पॅकिंगच्या खोलीत शिल्पकाराची बायको मॉडेलचे सुटे भाग साबणाच्या पाण्यात धूत होती. पाहुणे आलेले बघून तिनं पांढरट मोजे ओढून काढले आणि बेसिनच्या कडेला टाकले.

"धाकट्या भावजींनी काही केलेलं नाही," ती विचारायच्या आधीच म्हणाली.

"कशावरून?"

"माणूस ओळखते मी."

"तुम्ही ओतकामाच्या खोलीत जाता?"

"माझं काय काम तिथे? ते सिलिकॉन आलं त्याच्या आधीच मी हात धुऊन बाहेर पडले. मुलं लहान होती."

फळीवर मॉडेल्सच्या खोक्यांमध्ये मुठीएवढं एक जुनं डोकं होतं, सरड्यासारख्या जनावराचं. सासूबाईंनी ते उचललं. डोळ्यांखाली दोन बारीक घड्या होत्या, एकीखाली एक.

"हे कुणी केलं?"

"आमचं पहिलं मॉडेल," दारातून शिल्पकार म्हणाला. "प्लास्टरच्या साच्यांच्या काळातलं. तेव्हा सगळं दोघं मिळून करायचो. आता कुठली तिला फुरसत!"

बायकोनं पुन्हा पाण्यात हात घातला.

परतताना जावई कुजबुजला, "आई, रंगारीणच. गंधकाचं तिला पाठ आहे, शिवाय निघून चाललीय."

"जावईबापू, ज्याला विष ठाऊक असतं, तो ते चार थेंबांत, तेही एकाच डोळ्याभोवती टाकत बसतो का?"

त्यांनी सगळ्यांना मातीकामाच्या खोलीत बोलावलं. रिकाम्या स्टँडभोवती सगळे उभे राहिले. एकमेकांकडे कोणीच बघत नव्हतं.

"पहिलं खोटं धाकट्यांचं," सासूबाईंनी सुरुवात केली. "प्रमाण चुकलं असतं तर साचा सगळीकडे चिकट झाला असता. इथे फक्त चार जागा चिकट आहेत, आणि त्या बोटांच्या आणि तळव्याच्या. रबरी मोजे घातलेल्या कुणीतरी मागून डोकं धरलं आणि पुढे काम केलं."

"कसलं काम?" शिल्पकारानं विचारलं.

"दुरुस्तीचं. फोटोत डावा डोळा आत गेलाय. साच्यात मी काडीनं मोजलं, दोन्ही डोळे सारखेच खोल आहेत. म्हणजे संध्याकाळचा फोटो आणि सकाळचं ओतकाम यांच्यामध्ये कुणीतरी तो डोळा वर आणला. नासवायचं असतं तर बोट खुपसणं पुरे होतं."

रंगारिणीनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"सिलिकॉनला रबर चालत नाही हे धाकट्यांना आणि रंगारिणीला ठाऊक आहे. यांनी हात लावला असता तर निळे मोजे घालून, आणि मग साचा नीट निघाला असता. म्हणजे तिसरं कोणीतरी. ज्याला माती येते, पण सिलिकॉन येत नाही. ज्यानं प्लास्टरच्या काळात काम सोडलं. आणि ज्याला मोजे घालणं भाग होतं, कारण गेल्या महिन्यात परक्या अंगठ्यावरून घर डोक्यावर घेतलं गेलं होतं." त्यांनी मातीचा गोळा शिल्पकारासमोर स्टँडवर ठेवला. "तुम्ही डोळ्याखाली एक घडी काढता. इथे दोन आहेत. त्या सरड्यालाही दोन."

शिल्पकाराची बायको पांढरी पडली.

"म्हणजे साचा माझ्यामुळे…? अहो, मला खरंच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, भावजींच्याच हातून चुकून काही झालं असेल, आणि तुम्ही उगाच…"

"माझ्या कामात दुरुस्ती?" शिल्पकाराचा आवाज चढला. "कुणी सांगितली होती?"

 सासूबाई म्हणाल्या, "टेबल डुगडुगत नाही. मी दाबून पाहिलं. एक डोळा मंद झाला की रुंदी कळते, उंची कळते, पण जवळ काय आणि लांब काय हे चुकतं. पाणी ग्लासाबाहेर जातं. मातीतला डोळा आत जातो."

शिल्पकारानं एक डोळा हातानं झाकला, मग दुसरा. हात तसाच राहिला.

"कधीपासून करतेस?" त्यानं विचारलं.

"हिवाळ्यापासून. मोजे मात्र याच वेळी घातले."

"सिनेमावाल्यांनी वाहवा केली ते डोकं?"

"त्याचे डोळे फक्त," ती हळूच म्हणाली. "जबडा तुमचाच होता."

तो भावाकडे वळला. "आणि तू? तुला कळलं होतं?"

"साचा उघडला आणि बोटं दिसली. पांढरे रबरी मोजे कोण वापरतं ते मला ठाऊक नाही होय?"

"मग तोंड का नाही उघडलंस? मी तुला घराबाहेर काढत होतो!"

"तुला तुझ्या डोळ्याबद्दल सांगायचं, की माझ्या मिश्रणाबद्दल खोटं बोलायचं, दादा? खोटं सोपं होतं."

शिल्पकार स्टँडकडे वळला. जावयाला वाटलं, आता तो सगळ्यांनाच बाहेर काढणार. पण त्यानं कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पायानं ओढत आणलं आणि आपल्या स्टुलाशेजारी ठेवलं.

"सोमवार जवळ आलाय," तो म्हणाला. "धाकट्या, माती गरम कर." मग बायकोकडे न बघता, "डोळे तू कर. पण चोरून नाही. माझ्यासमोर."

"तुम्ही मध्ये मध्ये बोलाल."

"बोलणारच," तो म्हणाला, आणि सरकून तिला जागा करून दिली.