घडीचा कागद

थोरल्या सैफुद्दीनभाईच्या चाळिसाव्याची फातेहा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी फय्याज अनसिंगहून वाशिमला आला. चैतातली टळटळीत दुपार होती. काम साधंच. जुन्या चीजवस्तू विकणाऱ्या गुलाम नबींनी एका साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात एक इटलीची पेटी घेतली होती, ती भाईच्या घरी दुरुस्तीला पडून होती. ती उचलायची आणि दुकानात पोचवायची.

दोघं भाऊ मोहरमच्या ताजियाचे कागद कातरायचे. फय्याजला हे काम भाईनंच शिकवलं, मागं बसून त्याचं मनगट धरून. कागदाला घडी घालायची आणि घडीवरच कातर चालवायची, म्हणजे एका कापात दोन नक्ष्या निघतात, एक दुसरीचा आरसा. फय्याज डावखुरा होता. भाई हसायचा. म्हणायचा, आपण दोघं एकाच घडीतून निघालो.

फरहतभाभीनं पेटी पुढं सरकवली. लाखेची दिसायची, पण लाख नव्हती. कातरलेली कागदी चित्रं लाकडावर डकवून वर रोगणाचे इतके हात दिले होते, की बोटाला कागदाची कड लागत नव्हती. झाकणावर टोपीवाल्या माणसांची रांग चालली होती. मधली एक जागा रिकामी होती, ती भरायलाच पेटी आली होती. भाईनं ती भरली होती. काळ्या कागदाचा माणूस, उजव्या हातात कातर. रांगेत तो एकटाच मागं तोंड करून उभा होता.

फय्याजनं त्या माणसावर बोट ठेवलं. "भाई सोताले ठेवून गेला, भाभी..."

भाभीनं पदराच्या टोकानं झाकण पुसलं. खोलीत रोगणाचा शिळा वास कोंडला होता.

"सोताले नाई," ती म्हणाली. "तुले करून राह्यला होता."

मग तिनं हळूहळू सांगितलं. तापात त्याला झाकणातून टकटक ऐकू यायची. रांगेतली माणसं एक माणूस मागायची. जो रिकाम्या जागी उभा राहील, तो त्यांच्यासोबत जाणार. तीन दिवस भाई नाही म्हणत राहिला. चौथ्या दिवशी त्यानं कातर मागितली.

"काय म्हणाला थो?"

"म्हणाला... मले लहाना भाऊ हाय. त्याले न्या."

सवयीनं भाईनं कागदाची घडी घातली, भाभी सांगत होती. दोन माणसं निघाली, एक डावखुरा, एक उजव्या हाताचा. तापानं डोळ्यांवर झापड होती, हाताला लागला तो डकवला. रोगण वाळल्यावर त्याला उमगलं, की आपण स्वतःलाच डकवलंय. मग तो खूप रडला. कोणासाठी, ते तिला कळलं नाही.

"दुसरा कुठं हाय?"

कातरीच्या फडक्यात, ती म्हणाली. गाठ तिनं स्वतः मारली होती.

फाडून चुलीत घालू, म्हणून फय्याजनं दातांनी गाठ सोडली. आत नुसती कातर होती.

झाकणावर एकदाच टक् झालं.

टोपीवाले थोडे थोडे सरकून उभे होते. भाईच्या समोर, तोंडाला तोंड देऊन, डावखुरा माणूस उभा होता. फय्याजनं बोट फिरवलं. रोगण वाळलेलं, गुळगुळीत. कुठं कड नव्हती.

आणि भाईच्या हातात आता कातर नव्हती. त्यानं डावखुऱ्याचं मनगट धरलं होतं.