मडक्यातला निवडक हरभरा

"साहेब, मडकं फिरवलंय," गुरम्मा म्हणाली. खाजगी तपास करणाऱ्या वीरभद्र बिडवेंच्या लातूरच्या खोलीत ती उन्हातून आली होती. बिडवेंचा मदतनीस भुजंग याने तिला पाणी विचारलं नाही. नव्या जिल्ह्याची पाटी लागली, नळ मात्र जुनाच होता आणि तोही कोरडा.

उदगीरच्या डाळ मिलमध्ये धान्य निवडणाऱ्या बायकांनी युनियन काढली होती. प्रतिनिधी निवडायला बाईगणिक एक तूर, एक हरभरा दिला. मडक्यात तूर टाकली तर मत गुरम्माला, हरभरा टाकला तर मालकाच्या मुकादमाला, ईश्वरप्पाला.

"समद्या बायांनी तूर टाकली म्हणून सांगत्यात. अन् निघाला हरभराच जास्ती! उद्या कामगार खात्याचा साहेब निकाल पक्का करनार. मग युनियन मेलीच की!"

भुजंगला वाटलं, यात तपास कसला? मुकादमाशिवाय दुसरं कोण असणार!

दोघं गुरम्माबरोबर उदगीरला पोचले. राखणदार मलप्पा म्हणाला, "मतं टाकून झाल्यावर मडकं गोदामात व्हतं. जेवणाच्या सुट्टीत दार उघडं, पन शरणम्मा बसली व्हती राखणीला. तिच्यावर समद्यांचा इस्वास."

"वाटलेली तूर, हरभरा कुठला?"

"ह्याच दोन पोत्यांतला. निम्मा किडका. दुष्काळात दुसरं काय येनार?"

ईश्वरप्पाने बोलता बोलता हरभऱ्याच्या पोत्यातून मूठ भरली, न बघता तोंडात टाकली आणि थू करून थुंकला. "त्या सुट्टीत मी गोदामात पाय ठेवला न्हाई. इचारा कुनालाबी."

युनियनमधल्या सगळ्यांत जुन्या बाईच्या, शरणम्माच्या घरी गेल्यावर तिने काठोकाठ तांब्या पुढे केला. भुजंग घटाघटा प्यायला. तिच्या मांडीवर सूप होतं. बोलणं चालू, नजर बिडवेंवर, आणि बोटं किडका दाणा अचूक बाहेर उडवत होती.

"मी हलले न्हाई दारातनं," ती म्हणाली.

"ते खरंच असणार," बिडवे म्हणाले.

संध्याकाळी मिलच्या पत्र्याखाली सगळ्या जमल्या. बिडवेंनी मडकं जमिनीवर पसरलेल्या धोतरावर पालथं केलं.

"तुरीचे थोडेच दाणे राहिलेत, ते बघा. किडके, फुटके, पोत्यातले. आता हरभरा बघा. एकालाही भोक नाही!"

"मग?" भुजंगने विचारलं.

"अरे भल्या माणसा, मुकादम बघून दाणा उचलतो का? त्याने मूठच ओतली असती. हा हरभरा निवडून टाकलाय. निवडायची सवय बायकांच्या हाताला, आणि मडक्याजवळ एकटी बसली होती एकच बाई. गावात घोटभर पाणी नाही, तिने आम्हाला तांब्याभर दिलं."

गुरम्मा शरणम्माकडे वळली. "अक्का?"

शरणम्माने पदर तोंडाला लावला. "हरभरा घाल, मिलच्या बोअरचं पानी देतो, म्हनला ईश्वरप्पा. सून बाळंतीण हाय गं. घरी बसून हरभरा निवडला, सुट्टीत तूर काढून तो टाकला... किडका दाना पुढं सारवंना मला. जलमभर तेच केलं."

त्या पाण्याची चव अजून भुजंगच्या तोंडात होती.

"झालं!" गुरम्मा ओरडली. "आता तक्रार लिवा साहेब. समद्या अंगठे देतील. फेरमतदान मागू!"

बिडवेंनी कागद काढला. कुणी पुढे झालं नाही. मग शिवकांता, गुरम्माच्या घोषणा देणारी, शरणम्माजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "अक्का, आमालाबी देईल का गं तो पानी?"

बाहेर बोअरची मोटार घरघरली. ईश्वरप्पा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं. "घागरी आना," तो म्हणाला. "अंगठे मात्र न्हाई द्यायचे."

एकेक बाई उठली. शिवकांता तर पळालीच. शरणम्मा तेवढी खाली मान घालून बसून राहिली.

गुरम्माने धोतरावरचे तुरीचे दाणे गोळा केले. किडके, फुटके, सगळे तिने पदरात बांधले. "एवढ्या तरी माझ्या व्हत्या," ती म्हणाली.

बिडवेंनी कोरा कागद घडी करून खिशात ठेवला. भुजंगला तहान लागली होती, पण त्याने कुणाकडे पाणी मागितलं नाही.