रत्नागिरीच्या गाडीतली सॅक

सॅकची चेन उघडली आणि मंगल शिंकली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ चार वेळा. पदर नाकाला लावून ती मागे सरकली, पण नजर सॅकवरून हलली नाही.

"रडून रडून सर्दी झालीया तिला," तिची नणंद गुणाबाई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

बेळगावात, शहापूरच्या बोळातलं ते दोन खोल्यांचं घर. मागच्या खोलीत मंगलच्या नवऱ्याचे, महादेवचे दोन माग. अमावास्या सोडली तर ते कधी थांबत नसत. रविवारपासून मात्र ते बंद होते. एवढ्या शांततेत राहायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती.

पोलीस ठाण्याच्या एएसआय अंजनीबाई सॅकसमोर मांडी घालून बसल्या. बाई निपाणीच्या. बदली होऊन महिना झाला तरी बिऱ्हाड तिथंच, दोन तंबाखूच्या वखारींच्या मधे. रोज पहाटेची गाडी धरून बेळगावला यायच्या आणि कुणी कीव केली की चिडायच्या.

सॅक महादेवच्या मुलीची, तेजस्वीची. वय अठ्ठावीस. सॉफ्टवेअर तपासायची कामं ती ठेक्यावर करायची. सहा महिन्यांचा ठेका संपला, पुढचा सुरू व्हायला चाळीस दिवस होते. या चाळीस दिवसांत पाठीवर सॅक टाकून एकटीनं कोकणातून वर गुजरातपर्यंत जायचं, असं तिनं वर्षभर आधीच ठरवलं होतं. फोन बंद ठेवणार, फक्त रविवारी घरी बोलणार. घरच्यांनी आकांडतांडव केलं. ती गेली.

सोमवारी निघाली. पहिली रात्र निपाणीत, गुणाबाई आत्याकडे. त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. आणि शनिवारीच कोल्हापूर-रत्नागिरी एस.टी.त ही बेवारस सॅक सापडली होती. आतल्या वहीत घरचा नंबर होता. आज गुरुवार, अकरावा दिवस.

"मंगळवारी तुमच्याकडून किती वाजता निघाली?" अंजनीबाईंनी गुणाबाईला विचारलं.

"आठाला. च्या-पोहे खाऊन गेली."

"गाडीत बसवायला गेलात?"

"न्हाय. कोपऱ्यापतूर गेलते. आत्या, आता जा म्हणाली. लई हट्टी पोर."

"भांडण काही?"

"माझ्याशी कशाला भांडंल? बारशाला तिचं नाव मी ठेवलंय," गुणाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

अंजनीबाईंनी एकेक वस्तू बाहेर काढली. कपडे, कॅमेरा, बंद केलेला फोन, विजेरी, अंथरूण. चोरानं हात लावावा अशी प्रत्येक गोष्ट जागेवर होती. महादेव वाकून बघायला लागला आणि तोही शिंकला.

"काही कमी वाटतंय?"

मंगलनं बाजूचा छोटा कप्पा चाचपला. "हितं दम्याचा पंप ठेवलता मी. एक तिच्या खिशात असतोय. ह्यो जादाचा. माझ्या हातानं ठेवलता."

कप्पा रिकामा होता. चेन मात्र नीट लावलेली होती.

"पंप किती दिवस पुरतो?"

"बरी असली तर म्हयनाभर. धूळ लागली तर..." मंगलनं रिकामा कप्पा पुन्हा चाचपला.

बारा वाजता गुणाबाई उठली. महादेवनं तिला राहायचा आग्रह केला. ती म्हणाली, "म्हशीला बघायला कोन हाय रं? सकाळी येते परत." जाताना तिनं भावजयीला पोटाशी धरलं.

ठाण्यात गुणाबाईचा मुलगा समर्थ बसला होता. संकेश्वरजवळच्या साखर कारखान्यात नोकरी, तिथंच खोली. त्याचं आणि तेजस्वीचं लग्न व्हावं हे आत्याबाईंचं जुनं स्वप्न, हे अख्ख्या शहापूरला ठाऊक होतं. आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर हक्क, ही इकडची रीत. तेजस्वीनं नकार दिला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे संशयित आयताच हजर होता. सॅक टेबलावर ठेवून अंजनीबाईंनी सुरुवात केली.

"तिनं नाही म्हटल्याचा राग आला?"

"न्हाय."

"शनिवारी कामावर होतास?"

"रजेवर होतो."

"कुठं गेलतास?"

अंजनीबाईंनी सॅक त्याच्याकडे सरकवली.

"सॅक शनिवारी कोल्हापुरात गाडीत ठेवली गेली. तू कुठं होतास?"

"कोल्हापुरात," तो खाली बघून म्हणाला. "पण त्यासाठी न्हाय. माधवी म्हणून हाय, तिच्या घरी गेलतो. आमचं ठरलंय. तेजस्वीला ठाऊक हाय. आईला सांगायचा धीर न्हाय झाला."

"माधवीचा नंबर दे. आई घरी एकटीच?"

"व्हय. बाबा वारल्यावर वखार बंद केली, म्हैसबी विकली. एकटीनं किती करायचं? दर रविवारी जातो मी. ह्या रविवारी तेवढं येऊ नको म्हणाली. बरं वाटंना म्हणून."

तेवढ्यात कॉन्स्टेबल तम्मण्णा चहा घेऊन आला, टेबलापाशी थांबला आणि असा शिंकला की निम्मा चहा बशीत आला.

"तुम्हालाही सर्दी?" अंजनीबाई वैतागल्या.

"सर्दी कसली मॅडम. ह्या ब्यागेत तंबाखू भरलीती काय?"

"कसली तंबाखू?"

"वास मारतोय की."

अंजनीबाईंनी सॅक उचलून नाक आत घातलं. काही नाही. घरच्या उशीला येतो तेवढाच वास. त्यांनी समर्थपुढे सॅक धरली. त्यानंही हुंगून मान हलवली.

आणि मग अंजनीबाईंना स्वतःचाच राग आला. वीस वर्षं पोलिसात काढली आणि काखेत कळसा गावाला वळसा. त्या उठल्या तेव्हा खुर्ची मागे पडली.

"म्हैस कधी विकली म्हणालास?"

"गेल्या साली. का?"

"चल. तम्मण्णा, जीप काढा. तेजस्वीच्या आईबापांना घ्या. निपाणी ठाण्याला आणि दवाखान्याला फोन लावा."

जीप निपाणीकडे सुटली. मंगलच्या हातात लेकीचा जुना, रिकामा पंप होता. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं. ती तो मुठीत दाबत राहिली.

निपाणीत गुणाबाईच्या घराचं पुढचं दार आतून लावलेलं होतं. बाजूच्या बोळातून सगळे परसात शिरले. परसाच्या टोकाला तंबाखूची बंद वखार. गुणाबाई पाठमोरी त्या दिशेनं चालली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट.

"म्हशीला वाढायला निघालात आत्याबाई?" अंजनीबाईंनी विचारलं.

ताट खाली पडलं. भात, आमटी, वर तुपाची धार होती. गुणाबाईनं ताटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि कमरेची किल्ली काढून पुढं केली.

वखारीच्या माडीवर एक खोली होती. खिडकीला बाहेरून फळ्या ठोकलेल्या. कडी काढली तरी दार पूर्ण उघडेना, कारण आतून कुणीतरी त्याला टेकून पडलं होतं. दाराखाली दोन बोटांची फट होती. तेजस्वी अकरा दिवस त्या फटीला तोंड लावून श्वास घेत होती. ओठ निळसर, आवाज बसलेला. जवळ दोन रिकामे पंप.

"आज गुरुवार?" तिनं विचारलं.

"व्हय गं," महादेव म्हणाला. त्यानं तिला लहानपणी उचलायचा तसं उचललं.

दवाखान्यात ऑक्सिजन लागल्यावर तासाभरानं तिच्या ओठांना रंग आला. आणखी एक रात्र गेली असती तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर गुणाबाई बसली होती, शेजारी महिला पोलीस. महादेव भिंतीला टेकून उभा होता. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

"माझ्या भैनीनंच? कसं कळलं तुमाला?"

"शिंकेनं," अंजनीबाई म्हणाल्या. "सॅक उघडली तेव्हा मंगलताई शिंकल्या, तुम्ही शिंकलात. मी आणि तुमची बहीण, आम्हाला काही झालं नाही. मी सर्दीवर विश्वास ठेवला. तम्मण्णा निपाणीचा नाही, चिकोडीचा. तोही शिंकला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सॅक तंबाखूच्या धुळीनं भरलेली होती. आम्ही निपाणीकर त्यातच जन्मलो, आम्हाला तो वास येतच नाही. गुणाबाईंनी सॅक पुसली, नीट भरली. पण जो वास आपल्याला येत नाही तो पुसणार कसा?"

"एका रात्रीत लागला नसंल?" समर्थनं हळूच विचारलं. आईच्या बाजूनं काहीतरी निघावं अशी त्याची धडपड होती.

"अंथरुणाच्या घडीत, विजेरीच्या काचेत? एका रात्रीत नाही. सोमवार ते शनिवार ती सॅक वखारीत पडून होती. म्हणजे तेजस्वी मंगळवारी निघालीच नाही. आता पंप. चोरानं पंप नेला असता आणि कॅमेरा ठेवला असता? तेजस्वी स्वतः पळाली असती तर कपडे टाकून गेली असती? तो पंप अशा माणसानं काढला, ज्याला ती जिवंत हवी होती. कप्प्यात पंप आहे हे तिनं स्वतः, दम लागल्यावर सांगितलं असणार."

अंजनीबाई पुढं म्हणाल्या, "मला आधी समर्थचा संशय होता. कोल्हापूर, शनिवार, नकार, सगळं जुळत होतं. निपाणीचा म्हणून तोही शिंकला नाही. पण त्याला आईनं रविवारी घरी येऊ नको असं सांगितलं होतं. आणि त्याच्या तोंडातून एक गोष्ट निघून गेली: म्हैस गेल्या साली विकली. मग गुणाबाई कुणाला बघायला धावत घरी चालल्या होत्या?"

बाकावरून गुणाबाई बोलली. आवाज अगदी साधा होता, शेजारणीशी बोलावं तसा.

"समर्थशी लग्नाचं काढलं तर चिडली. वखारीतलं जुनं तांब्याचं घंगाळ काढून दे म्हटलं, ती माडीवर गेली. कडी लावली. एका रातीसाठी लावलती. सकाळी तिचा राग उतरंल, दोघी बसून बोलू. एकटी पोर म्हयनाभर हिंडणार, मग तिला कोन करून घेईल? सकाळी कडी काढायला गेले तर ती म्हणाली, आत्या, मी पोलिसात जाणार. मग हात धजंना. रोज सकाळी वाटायचं आज काढावी. जितके दिवस जास्त, तितकी भीती जास्त."

"आणि सॅक?"

"रविवारी फोन न्हाय आला की समदी माझ्याच दारात येणार. म्हणून शनवारी गोणपाटात घालून नेली. पलीकडच्या राज्यात सापडली तर तिकडंच शोधतील म्हटलं."

मंगल बाकापाशी आली. "ती हाका मारत असंल की," ती म्हणाली. "तुमी ऐकत बसला?"

"मी खालीच झोपायची गं. जिन्यात. तिला एकटं वाटू नये म्हणून."

हे ऐकून महादेवनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बहिणीचं प्रेम खोटं नव्हतं, आणि तेच त्याला सहन होईना.

समर्थ आईसमोर जाऊन उभा राहिला. "कुणासाठी केलंस ग हे? माझं लगीन ठरलंय आई. कोल्हापूरच्या माधवीशी. तेजस्वीला सांगितलंवतं मी. तिनं तुला न्हाय सांगितलं?"

"लई येळा सांगितलं," गुणाबाई म्हणाली. "मला वाटलं सुटायला खोटं बोलतीया."

तम्मण्णानं फिर्यादीचा कागद महादेवपुढे धरला. महादेवनं पेन घेतलं आणि तसंच धरून बसला. "भैण हाय ओ माझी. घरातलं घरात..."

मंगलनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "घरातलं घरातच ठेवलंवतं. अकरा दिवस," ती म्हणाली आणि तिनं मोठ्या अक्षरांत सही केली.

चौथ्या दिवशी तेजस्वी शहापूरला परतली. त्या रात्री दार उघडं ठेवून झोपायचं म्हणाली. महादेव उंबऱ्यात चटई टाकून झोपला, पण दार कुणी लावलं नाही. सकाळी ती कॅलेंडरपाशी उभी होती.

"काय मोजतीस गं?" मंगलनं विचारलं.

"पंचवीस दिवस उरलेत. पंप जादा नेते. पण मी जाणार, आई."

महादेवनं बायकोकडे बघितलं आणि तो मागांच्या खोलीकडे वळला.

मंगलनं सॅक धुतली आणि गच्चीवर उन्हात टाकली. संध्याकाळी हुंगली, शिंकली, परत धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारणींनी विचारलं तर म्हणाली, वास जाईना. तिसऱ्या दिवशी तिनं सगळे कप्पे उघडले, नाक पार आत घातलं आणि बराच वेळ वाट पाहिली. शिंक आली नाही.

खाली दोन्ही माग सुरू झाले होते. तिनं सॅक उचलली, खाली आणली आणि लेकीच्या हातात दिली.