मंगळावरचा काळा राजा

"पावणं, खूण चुकीच्या बाजूला काढलीसा."

एवढं बोलून मेहरुन्निसानं पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला. उंबऱ्यावर उभा असलेला तरुण छत्री मिटता मिटता थबकला. बाहेर श्रावणातली बारीक झिमझिम चालली होती आणि छत्रीचं पाणी थेट त्याच्या वहाणेत गळत होतं, त्याचंही त्याला भान राहिलं नाही. त्याचा हात आपोआप डाव्या भुवईकडे गेला.

"काय म्हणालासा?"

"त्या किरणकुमाराची खूण उजव्या भिवईवर हाय. तुमी डाव्या काढलीसा. सगळ्या गावानं हीच चूक केलीया म्हणा..."

ही शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा मंगळाचं वेड आलं होतं. दत्तोपंतांच्या चित्र मंडळीनं 'मंगळाची स्वारी' नावाचं मुकं चित्र काढलं होतं. त्यात विमानवीर झालेला मास्टर किरणकुमार मंगळावर जातो, तिथल्या शिंगवाल्या काळ्या राक्षसांना लोळवतो आणि पृथ्वीवर परत येतो. पोरं रॉकेलच्या डब्यांचे टोप घालून गल्लीबोळांत विमानं उडवू लागली. मिसरूड फुटलेल्यांनी त्याच्याही पुढची मजल मारली. किरणकुमाराच्या भुवईवर एक तिरका व्रण होता, तो त्यांनी काजळानं आपापल्या भुवईवर ओढून घेतला. कपाळावर विमानवीर आणि घरात कामाला हाक मारली की पसार, असा सगळा मामला.

आता चित्र दाखवत त्या तंबूतली व्यवस्था अशी, की पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका मागे. कापड ओलं केलेलं असे, त्यामुळे मागूनही चित्र छान दिसायचं. सगळ्या पोरांनी खूण डाव्या भुवईवर काढलेली बघून पडद्यामागच्या बायकांचं एकमत झालं होतं, की पुरुषांना डावं-उजवं कळत नाही. किरणकुमार डावखुरा आहे, यावरही त्यांचं एकमत होतं. तो तलवार कायम डाव्या हातात धरायचा.

दारातला तरुण नुसता हसला. काळासावळा, रुंद खांद्यांचा, आणि हसला की लाजणारा. असा पुरुष मेहरुन्निसानं आधी पाहिला नव्हता. तिनं पदर सारखा केला आणि अब्बा कातडं आणायला बाजारात गेलेत, काम काय ते सांगा, असं जरा जास्तच कोरडेपणानं सांगितलं.

तिचे वडील लालासाब पुस्तकं बांधायचे. पुढे दुकान, मागे घर. पानं दुमडायची आणि फर्मे शिवायचे हे काम तिचं, आणि पावसाळ्यात उजेडासाठी तिला दाराशी बसावं लागे. त्या तरुणानं पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक पुढे ठेवलं. दत्तोपंतांच्या मंडळीतून आलोय म्हणाला. पुस्तक पाहताच मेहरुन्निसाच्या काळजात चर्र झालं. ज्या मासिकात 'मंगळाची स्वारी' महिन्या-महिन्याला छापून आली, त्याचा हा खंड. तिच्याच हातचा शिवलेला. पानं सुटलेली, कोपरे दुमडलेले आणि जागोजाग पांढऱ्या भुकटीचे डाग.

ही कथा गावात सगळ्यांत आधी तिनं वाचली होती, शिवता शिवता, सुई बोटात टोचून घेत. म्हणून ती तिला आपलीच वाटायची.

"कवा मिळंल?" त्यानं विचारलं.

"खळ वाळली की."

"खळ कवा वाळंल?"

"पाऊस थांबला की."

"आणि पाऊस..."

"ते तुमच्या मालकांस्नी विचारा. मंगळावर जाऊन येत्यात, त्येस्नी ठावं असंल."

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्याही. पुस्तक अजून ओलं आहे, असं ती प्रत्येक वेळी गंभीरपणे सांगायची, आणि तोही प्रत्येक वेळी तितक्याच गंभीरपणे मान डोलवायचा. मग उंबऱ्याबाहेर वळचणीला उभा राहायचा. लालासाब आत असले की बोलणं पुस्तकांचं, नसले की मंगळाचं. माणूस मंडळीत पडदे रंगवतो एवढं तिला कळलं होतं. त्याहून जास्त तिनं विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून रात्री स्वतःवरच चिडली.

चित्रावर तिचा राग होता. पुस्तकात मंगळावरची माणसं तांबूस काळी आणि शहाणी होती. त्यांचा राजा स्वतः कालव्यात उतरून गाळ उपसायचा. आलेल्या परक्या माणसाला तो आधी ओंजळभर पाणी द्यायचा, कारण त्या ग्रहावर पाण्याहून मोठं काही नव्हतं. दत्तोपंतांनी त्या माणसांना काजळी फासली, शिंगं बसवली आणि पृथ्वीवरचा वीर मात्र पिठासारखा पांढरा केला.

"काळं म्हंजे राकिस, आसं कुटं लिवलंय त्यात?" ती म्हणाली.

लोकांना तसं दाखवलं की लगेच कळतं, असं मालकांचं म्हणणं आहे, असं तो पुटपुटला.

मग तिनं त्याला मिरजेच्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली. तिला बघायला आले होते. सरबत प्याले, शिवणकाम पाहिलं, वाचता येतं का विचारलं. निघताना तिच्या काळ्या रंगाकडे बघत मुलाची आई म्हणाली, पोरगी गुणाची हाय, पण घरात दिव्याला तेल लई लागंल. मेहरुन्निसानं हे हसत हसत सांगितलं. हे ऐकून सगळे हसायचे, म्हणून तीही हसायची सवय करून बसली होती.

तो हसला नाही. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला... आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हा माणूस आवडतो. साधं, सरळ, इलाज नसलेलं आवडणं.

"तुमी बायका पडद्याच्या मागं बसतासा न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हय."

"मग डावं ते उजवं दिसणार की."

सुई थांबली. मेहरुन्निसानं मान वर केली. इतके दिवस हा माणूस पावसात भिजत येत होता आणि भुवईवरचं काजळ एकदाही ओघळलं नव्हतं. हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"ही खूण..."

"ल्हानपणी आजऱ्याला फणसावरनं पडलतो."

"किरणकुमार?"

"ते मालकांनी ठिवल्यालं नाव. मी कुतुबुद्दीन. आदी खरंच पडदे रंगवायचो."

"आणि त्यो गोरा रंग?"

"सफेदा. डब्यातला. तुमच्या पुस्तकावर पडलाय, त्योच."

तिला आधी राग आला, मग लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला. उठून तिनं फळीवरचं पुस्तक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. वाळलंय, म्हणाली.

"कवा वाळलं?"

"लई दिस झालं."

आता दोघांचीही लबाडी उघडी पडल्यावर बोलायला काय उरलं? ती आत पळाली.

पुढचं रीतसर झालं. कुतुबुद्दीनचे चुलते बाबालाल आजऱ्याहून आले आणि लालासाबांपाशी मागणं घातलं. लालासाब भलतेच खूश. शेजारची जुलेखा तर दारात बसून राहिली, की विमानवीराची बायको कशी दिसते ते रोज बघायचं. साखरपुड्याची तारीख तेवढी ठरायची होती.

आणि एका दुपारी कुतुबुद्दीन घाईघाईनं आला. चेहरा फुललेला. दत्तोपंत दुसरं चित्र काढणार होते, 'मंगळसंहार', पहिल्याहून मोठं. मुंबईपर्यंत जाईल म्हणत होते.

"संहार कुणाचा?" मेहरुन्निसानं विचारलं.

"राजाचा."

"मारतो कोण?"

 उत्तर दोघांनाही माहीत होतं. पुस्तकात राजा मरत नाही. तो पाहुण्याला विमानापर्यंत पोचवायला येतो आणि तिथून मागे फिरतो.

"सफेदा लावून मारणार?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "उद्या आपल्याला पोरं व्हतील. तुमच्यावर गेली काय, माझ्यावर गेली काय, काळीच व्हणार. ती तंबूत बसून टाळ्या वाजवणार, बापानं काळ्याला मारला म्हणून. मला न्हाय बघायचं ते."

लग्नाआधीच्या मुलीनं पोरांचं नाव काढावं, हे त्या काळी फार झालं. पण ती आता लाजायला थांबणार नव्हती.

"सफेदा सोडला तर किरणकुमार ऱ्हात न्हाय, मेहरू. मालक दुसरा आणतील."

"आणू द्यात."

"मग मी कोण?"

"ते तुमचं तुमी बघा. पण सफेदा ठिवायचा आसंल तर हितं येऊ नका."

तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. पाऊस संपला, ऊन पडलं, खळ तासाभरात वाळू लागली आणि मेहरुन्निसाला ते कोरडं, झटपट काम नकोसं झालं. लालासाब दिवसचे दिवस तिच्याशी बोलेनात. पडद्यावरच्या एका राजापायी हाडामांसाचा नवरा घालवलास, असं जुलेखानं तोंडावर सुनावलं.  मेहरुन्निसाला त्याची आठवण यायची, फार यायची, आणि ती शब्द मागे घ्यायलाही तयार नव्हती. माणूस असा एकाच वेळी दोन्हीकडून अडकतो.

थंडीत चित्र लागलं. भिंतीभिंतींवर पाट्या चढल्या, मास्टर किरणकुमार, विमानवीर, पिठासारखा पांढरा. पाटी वाचून मेहरुन्निसा घरी आली आणि चुलीपुढे बसून रडली. निवड झाली होती तर. तरीही जुलेखा ओढून नेऊ लागली तेव्हा ती गेली. शेवट डोळ्यांनी बघितला की जीव एकदाचा थंड होईल, असं तिला वाटलं.

ओल्या पडद्यामागे बायका दाटीनं बसल्या होत्या. विमान आलं. विमानवीर उतरला. भुवईवर खूण, हातात तलवार. पलीकडे पुरुषांनी शिट्ट्यांचा पाऊस पाडला.

"ह्यो न्हवं," मेहरुन्निसा म्हणाली.

"खूण हाय की," जुलेखा म्हणाली.

"काजळाची आसंल. ह्यो न्हवं."

ते चालणं त्याचं नव्हतं. ती मान त्याची नव्हती. मंडळीनं नाव तेच ठेवलं होतं, खूण तीच ठेवली होती आणि माणूस बदलला होता. समोरच्या शेकडो भक्तांपैकी एकालाही ते कळलं नाही. त्यांना पांढरा रंग पुरेसा होता.

मग मंगळाचा राजा आला. शिंगं नव्हती. काजळी नव्हती. उघडा, सावळा, फणसावरून पडलेला चेहरा. 

पुढून हुर्यो उठली. भुईमुगाच्या टरफलांचा मारा पडद्यावर आदळू लागला. मार त्याला, मार, म्हणून पोरं ओरडत होती. राजानं कालव्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि पाहुण्यापुढे धरलं, अगदी पुस्तकात आहे तसं. विमानवीरानं तलवार घातली. राजा पडला, पण गयावया केली नाही, हात जोडले नाहीत. तंबू टाळ्यांनी दणाणला. पुरुषांच्या बाजूला कुणाचंही मन पालटलं नाही, हे सांगितलेलं बरं. फक्त मागच्या बाजूला फुलं विकणारी चिमणाबाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "राजा तर आपल्या पोरासारका दिसतोय गं."

मेहरुन्निसा रडत होती, आणि पडद्यावरून गळणाऱ्या पाण्याच्या निमित्तानं तिला ते लपवता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उंबऱ्यावर उभा होता. वाळला होता. येता येता पोरांनी मागून खडे मारले होते, ते त्यानं सांगितलं नाही, पण पाठीवरची धूळ सांगत होती.

"राजा न्हाय वाचला," तो म्हणाला. "शिंगं लाव म्हणालं, न्हाय म्हणालो. काजळी लाव म्हणालं, न्हाय म्हणालो. मग तलवार खा म्हणालं, तेवढं व्हय म्हणालो. त्याबिगर तोंड उगडं ठिवायला देईनात. तुला कळवायला येणार हुतो, पर... चित्र बघशील मग बोलू म्हटलं."

"बघितलं."

"आता पुन्यांदा पडदे रंगवतोय. किरणकुमार दुसराच हाय."

मेहरुन्निसा उठली आणि उंबऱ्यापर्यंत आली. एवढ्या जवळ ती कधीच आली नव्हती.

"मला किरणकुमार कवा पायजे हुता?" ती म्हणाली. "मला तुमी पायजे. चुलत्यास्नी बोलवा आजऱ्यासनं."

निकाह लागला. वरात निघाली. घोड्यावर कुतुबुद्दीन, तोंडावर फुलांचा सेहरा, आणि मागे बैलांच्या धमणीत पडदे सोडून बसलेली नवरी. रीत अशी, की नवरीनं घर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. गंगावेशीत वळताना डब्यांचे टोप घातलेली टोळी आडवी आली आणि नाचू लागली, राकिस आला, राकिस आला. वाजंत्री अडखळली. घोड्यावरचा माणूस मान खाली घालून बसला. बाबालाल काठी घेऊन पुढे झाले, तेवढ्यात धमणीचा पडदा सरला आणि मेंदीच्या हातासकट नवरीचा चेहरा भर रस्त्यात बाहेर आला.

"राकिस न्हवं रं," ती स्पष्ट म्हणाली. "राजा हाय त्यो. माजा हाय."

म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पोरं गप्प झाली, ती पटून नव्हे, नवरी बोलली म्हणून. जुलेखानं आतून तिला जोरात चिमटा काढला. आणि घोड्यावर कुतुबुद्दीननं मान वर केली, तोंडावरचा सेहरा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि घर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.